बेसच्या घोडीचे बारा फेरे

आधी एक गोष्ट सांगून मोकळा होतो. वाद्याच्या तारा ज्या लाकडाच्या तुकड्यावर टेकलेल्या असतात, त्याला घोडी म्हणतात. आणि मी गुरांचा डॉक्टर आहे. तेव्हा मी घोडीचे पाय कापले असं म्हटल्यावर जो विनोद तुमच्या मनात आला, तो बारामतीच्या पेठेपासून निरवांगीच्या पारापर्यंत सगळ्यांनी मला करून दाखवलेला आहे. मला एकदाही हसू आलेलं नाही. तुम्ही करू नका.

घोडी होती माझ्या सासऱ्यांच्या डबल बेसची. डबल बेस म्हणजे व्हायोलिनच्या जातीतलंच वाद्य, पण माणसापेक्षा उंच. ते मांडीवर बसत नाही, खांद्यावर बसत नाही. जमिनीवर उभं करायचं, शेजारी आपण उभं राहायचं आणि गजानं नाहीतर बोटानं वाजवायचं. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, ते मला जावईबापू म्हणतात. मामा चोवीस वर्षं लष्कराच्या बँडमध्ये होते. गावात फौजी म्हणून मान मोठा, पण लढाईत किती मारले असं कुणी विचारलं की ते खरं सांगून टाकायचे. एक बी न्हाय म्हणायचे, सायबलोक जेवायला बसायचे आन आमी कोपऱ्यात हुबं ऱ्हाऊन वाजवायचो.

निवृत्त होताना बँडनं मोडीत काढलेला एक बेस त्यांनी रीतसर अर्ज करून विकत घेतला आणि ऊस वाहायच्या रिकाम्या ट्रकमधून निरवांगीला आणला. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा तो कव्हर घालून खोलीच्या कोपऱ्यात उभा होता. मला वाटलं घरातलं कुणी आजारी माणूस चादर पांघरून भिंतीला टेकलंय. पोहे खाता खाता मी त्याच्याकडे बघून नमस्कारसुद्धा केला. बायको हे अजून सगळ्यांना सांगते.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, मामांचे बँडमधले दोन जोडीदार निरवांगीला यायचे. एक डाळजचे, ते व्हायोलिन घेऊन. दुसरे वडगाव निंबाळकरचे, ते क्लॅरिनेट घेऊन. सकाळी एकमेकांना सोनं द्यायचं, पुरणपोळी खायची आणि मग पडवीत तिघांनी उभं राहून वाजवायचं. लोक यायचे, बसायचे, तंबाखू मळायचे. कुणाला त्यातलं फार कळत होतं असं नाही. पण बेस वाजायला लागला की गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवून कान टवकारायची, हे मी स्वतः बघितलेलं आहे आणि त्याबाबत माझं मत तज्ज्ञाचं समजावं.

गेल्या वर्षी गणपतीत बायको माहेरी जाऊन आली ती तोंड पाडूनच. चहा ठेवला, उतू गेला, तरी तिचं लक्ष नव्हतं. शेवटी म्हणाली, "अहो, आबांना तार दाबवत नाही."

तिनं सांगितलं ते असं. आबा, म्हणजे माझे मामा, एकटे वाजवत होते. बेसच्या तारा जाड, जवळजवळ सुतळीएवढ्या, आणि मानेवरच्या फळीपासून चांगल्या बोटभर वर. ती तार दाबून फळीला टेकवली तरच सूर लागतो. आबांचं बोट थरथरत होतं आणि तार खाली जात नव्हती. तिला बघितल्यावर ते म्हणाले की पावसानं बेसचं पोट फुगलंय, म्हणून तारा वर आल्यात. आणि मग तिच्यासमोरच डाळजच्या जोडीदाराला फोन लावून सांगितलं, की ह्या दसऱ्याला वाजलं तर वाजलं, न्हायतर बेस दिऊन टाकतो.

देऊन टाकणार कुणाला, तर हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला. त्यानं दोन वेळा माणूस पाठवला होता. त्याला तो दारात उभा करायचा होता, एका बाजूला बैलगाडीचं चाक, दुसऱ्या बाजूला कंदील, मध्ये हा. पोटावरच्या भोकात प्लास्टिकची फुलं खोचणार होता म्हणे. बायकोनं हे सांगितलं आणि तिचे डोळे भरून आले. मला मात्र राग आला. मला कशाचंही वाईट वाटलं की आधी राग येतो, वाईट नंतर वाटतं.

दुसऱ्याच दिवशी म्हशीचं निमित्त काढून निरवांगी गाठली. म्हशीला काही झालेलं नव्हतं. तिला दोन मिनिटांत उरकलं आणि पडवीत येऊन बेसच्या पोटावर बोटांनी वाजवून बघितलं. तीस वर्षं मी पोटफुगीच्या जनावरांच्या कुशीवर असंच वाजवत आलोय. फुगलेलं पोट कसं बोलतं ते मला कळतं. हे पोट फुगलेलं नव्हतं. मग सहज म्हणून मामांच्या हातात माझं बोट दिलं आणि आवळा म्हटलं. त्यांनी आवळलं. आवळलं म्हणजे धरलं, एवढंच.

मामा माझ्याकडे बघत राहिले. "म्हशीला बघाय आलाय का मला?"

मी म्हटलं, दोघांना. त्यांनी बोट सोडलं आणि तोंड फिरवून बेसवर कव्हर घालायला लागले.

घरी आल्यावर बायकोनं मोबाइलवर शोधून काढलं, की परदेशात अशा घोड्या मिळतात ज्यांच्या दोन्ही पायांत एकेक छोटं चाक असतं. चाक एकीकडे फिरवलं की घोडी वर, दुसरीकडे फिरवलं की खाली. घोडी खाली तर तारा खाली, आणि तारा खाली तर म्हाताऱ्या बोटांनाही दाबता येतात. तयार घोडी मागवायची तर दिवाळीनंतर येणार होती. म्हणून मी ते चित्र घेऊन बारामतीत लेथवाल्या तात्यांकडे गेलो. तात्या म्हणजे ट्रॅक्टर, ट्रेलर, मोटारी यांचे सुटे भाग करून देणारा माणूस. माझी मोडलेली औजारंही तेच नीट करतात. गोऱ्या माणसांचे चार व्हिडिओ बघून मला जे धड कळलं नव्हतं, ते त्यांना चित्र बघताच कळलं.

"डॉक्टर, ही ट्रॅक्टरची टॉप लिंक हाय," ते म्हणाले. "जरा बारकी."

ट्रॅक्टरच्या मागं नांगर जोडतात तिथला तो फिरवून लांब-आखूड करायचा दांडा. खरंच की. मीच खुळा. तात्या म्हणाले, पितळंचं करू, आटे बारीक पाडू, म्हणजे एका फेऱ्याला तार केसभरच हलंल. आठ दिवसांत देतो म्हणाले. मग कारखाने सुरू व्हायचे दिवस जवळ आले, आणि बारामती तालुक्यातल्या प्रत्येक ट्रेलरचा एक्सल एकाच आठवड्यात मोडला. मी रोज जायचो, तात्या रोज उद्या म्हणायचे. अष्टमीला संध्याकाळी एकदाची ती दोन चाकं माझ्या तळहातावर ठेवली. नाण्याएवढी, पितळी, कडेला बोट घसरू नये म्हणून खाचा पाडलेल्या, वर गुळगुळीत खुंटी आणि खाली आटे. तात्यांचा सगळा उशीर मी त्या क्षणी माफ केला. सकाळी मला न्यायला या, ते म्हणाले, निरवांगीला जाऊ, पाय कापू, भोकं पाडू, बसवून टाकू.

सकाळी गेलो तर लेथ न्हाऊन माखून, झेंडूची माळ घालून बसलेलं. खाली पाने, छिन्न्या, करवती ओळीनं मांडून प्रत्येकीला हळदकुंकू. तात्या पांढरे कपडे घालून नारळ फोडत होते. मला बघून त्यांनी जीभ चावली. खंडेनवमी. दोघांच्याही डोक्यातून साफ गेलेलं.

"आज हत्याराला हात न्हाय लावायचा, डॉक्टर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं उद्या दसरा, उद्या सकाळी पाहुणे येणार, मग? तात्या म्हणाले उद्या पूजा हलवल्यावर दुपारनंतर लगेच. मी म्हटलं दुपारनंतर बेस हॉटेलच्या दारात उभा असेल. मी म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं कुंकू लावलेली नको, एखादी गंजकी करवत द्या, जिची तुम्ही पूजा केलेली नाही. ह्यावर तात्या खरोखर दुखावले. पूजा केलेली नाही असं एकही हत्यार त्यांच्याकडे नव्हतं. दोन सुतारांकडे गेलो, तिथंही तेच. एकानं तर मला प्रसाद दिला आणि बसवून घेतलं. वर्षभर हात घालून, घासून, आपटून जी वापरायची त्यांना एक दिवस विश्रांती, हे मलाही पटतं. पण तो दिवस त्यांनी नेमका आजचा काढावा याचा मला राग आला होता.

मग मला आठवलं की हाड कापायची, भोक पाडायची सगळी सामग्री माझ्या स्वतःच्या पेटीत आहे. घरी आलो, तर पेटी देवापुढं उघडून ठेवलेली. कात्र्या, चिमटे, सुया, जनावराचं शिंग कापायची काटेरी तार, हाडात सळई घालायचा हातानं फिरवायचा ड्रिल, सगळं मांडलेलं, सगळ्याला कुंकू. शेजारी बायको हात जोडून.

आता ह्यात एक सवलत आहे, आणि ती आमच्या घरात दर वर्षी पाळली जाते. मागं एकदा खंडेनवमीलाच वडगाव निंबाळकरला एक गाय अडली, वासराचा पाय मागं मुडपलेला. तेव्हा हिनंच पेटी देवापुढून उचलून माझ्या हातात दिली होती आणि म्हणाली होती, जीव अडलाय, जा. त्या सवलतीची मी आठवण करून दिली.

"गाय कुठं अडलीय?"

"अगं, आबा अडलेत."

ती देवाकडे वळली. मग म्हणाली, "असं असेल तर केस लिहा. देवाला फसवायचं नाही."

माझ्याकडे केसचं रजिस्टर असतं. कुठल्याही जनावराला बघायला निघण्याआधी त्यात नोंद करायची, हा तिनंच घातलेला नियम. मी पेन काढलं आणि लिहिलं. रुग्ण: डबल बेस. मुक्काम: निरवांगी. वय: अंदाजे साठ. तक्रार: तार दाबली जात नाही. तिनं वाचलं आणि म्हणाली की ही तक्रार मालकाची आहे, रुग्णाची नव्हे, रुग्णाची लिहा. मी दात-ओठ खाऊन लिहिलं: घोडी उंच, पाय कापणे आवश्यक. त्यावर तिनं मान हलवली, पेटीवर अक्षता टाकल्या, देवाला काहीतरी पुटपुटली आणि पेटी माझ्या हातात दिली. स्वतःही चप्पल घालून गाडीत येऊन बसली.

वाटेत तात्यांना घेतलं. त्यांना राहवेना. नुसतं बघाय येतो म्हणाले, हत्यार धरणार न्हाय, लाकूड धरीन. आणि खरंच, दिवसभर त्या माणसानं लाकूड धरलं, बोट दाखवलं, शिव्या घातल्या, पण एकाही हत्याराला शिवला नाही.

निरवांगीला मामांनी बेसलाच हार घातला होता. गजावर कुंकू, तारांवर कुंकू. मला वाटलं झालं, आता ह्यांना समजावण्यात दिवस जाणार. पण बायकोनं रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर धरलं. मामांनी चष्मा लावला, नोंद दोनदा वाचली, तारीख बघितली, माझी सही बघितली आणि म्हणाले, "लेखी हाय म्हटल्यावर मग काय." चोवीस वर्षं लष्करात काढलेल्या माणसाला कागदावरचा हुकूम पुरतो. त्यांनी स्वतः हार काढला आणि बेस आडवा ठेवायला घोंगडी आणायला आत गेले.

तेवढ्यात मी गाढवपणा केला. सरळ सांगतो, गाढवपणाच. घोडी काढायची तर तारा सैल करायला हव्यात. दाव्याला आवळून बांधलेलं जनावर दिसलं की माझा हात आपोआप गाठीकडे जातो. मी चारही तारा भराभर सैल सोडल्या. घोडी अलगद माझ्या हातात आली, मला फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी बेसच्या पोटात टक् असा आवाज होऊन काहीतरी गडगडत गेलं.

मामा उंबऱ्यात घोंगडी घेऊन उभे होते. "आतला खांब पडला," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. बेसच्या पोटात, घोडीच्या एका पायाच्या जरा मागं, एक लाकडी खांब उभा असतो. पुढची फळी आणि मागची फळी यांच्यामध्ये. त्याला सरस नाही, खिळा नाही. तारांच्या दाबानंच तो उभा राहतो. म्हणून आधी बेस उताणा निजवायचा असतो आणि मग तारा एकेक, हळूहळू सोडायच्या. खांब नसला की बेस म्हणजे नुसता डबा. खांब उभा करणारा एक कारागीर त्यांच्या बँडकडे यायचा, वर्षातून एकदा, वेगळी वाकडी हत्यारं घेऊन. तो वारला त्यालाही आता खूप वर्षं झाली. मामा हे सगळं शांतपणे सांगत होते. मग घोंगडी खाली ठेवून तिच्यावरच बसले.

"फोन लावा त्या हाटेलवाल्याला," म्हणाले. "डबाच पायजे त्येला."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. बायको माझ्याकडे बघत नव्हती, हे तर फारच वाईट. ती मला बोलली असती तर मी भांडलो तरी असतो. मी घोडी तात्यांच्या हातात दिली आणि कामाला लागलो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

पाय कापायचं काम मात्र फक्कड झालं. शिंगाची तार दोन्ही हातांत धरून मागंपुढं ओढली की लाकूड लोण्यासारखं उतरतं. तात्या घोडी गुडघ्यात धरून डोळा बारीक करून बघत होते आणि सरळ, सरळ, आता डावीकडं मराया नका, असं ओरडत होते. हाडाच्या ड्रिलनं भोकं पाडली. तात्यांनी खिशातून मेण काढलं. मेण हत्यार नव्हे, असं त्यांनी आधीच ठरवून आणलेलं होतं. मेण लावून चाकं लाकडात फिरवत बसवली. दोन्ही पाय सारखे. तात्यांनी चाक बोटानं फिरवलं, घोडी केसभर उचलली गेली आणि तात्यांचा चेहरा असा फुलला की जणू त्यांनीच बाळंतपण केलं. पण मामांनी तिकडे बघितलंही नाही.

बाळंतपण म्हटलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोटात काहीतरी आडवं पडलंय. दिसत नाही. भोक अरुंद आहे. ते धरून, वळवून, जागेवर आणायचं आहे. अरे, मी आयुष्यभर दुसरं केलंय काय?

बेस घोंगडीवर उताणा निजवला. पोटावरच्या भोकातून हात जाईना. माझा तर नाहीच, बायकोचाही नाही. मग लांब चिमटा घेतला आणि वासराच्या पायात टाकतात तसा दोऱ्याचा फास केला. बायकोनं मोबाइलची बॅटरी भोकावर धरली. मी ती बंद करायला लावली. उजेडात मला काही कळत नाही. मी डोळे मिटले, चिमटा आत घातला आणि पोटात चाचपायला लागलो. सवयीनं तोंडातून हो, हो, उभी राहा बाई, असं निघत होतं. तात्या हसले, त्यांना बायकोनं गप्प केलं.

पहिल्यांदा खांब फासात आला आणि निसटला. दुसऱ्यांदा उभा राहिला आणि पडला. माझी मान दुखायला लागली, घाम डोळ्यांत गेला, आणि मी त्या खांबाला, बेसला, तो बनवणाऱ्याला आणि हॉटेलवाल्याला मोठ्यानं शिव्या दिल्या. सासऱ्यांसमोर दिल्या. तिसऱ्यांदा तो फासातून वर आला, चिमट्यात बसला, आणि टोक मागच्या फळीवर एका खोलगट जागी टेकल्याचं मला हाताला लागलं. साठ वर्षं जिथं तो उभा होता, तीच जागा असणार. लाकडाला खळगी पडली होती. मी श्वास धरला आणि वरचं टोक हळूच पुढं ढकललं. अडलेलं वासरू वळतं तेव्हा हाताला जे कळतं ना, ते सांगता येत नाही. तसंच कळलं.

"मामा, वाजवा," मी म्हटलं, डोळे मिटूनच.

ते कधी उठून माझ्याजवळ आले होते ते मला माहीत नव्हतं. त्यांनी वाकून पोटावर मूठ वाजवली, कान लावला, आणि म्हणाले की वरचं टोक जरा मागं. मी गव्हाच्या दाण्याएवढं मागं घेतलं. पुन्हा वाजवलं. आणखी अर्धा दाणा. मग पुन्हा एकदा मूठ वाजली, आणि मी डोळे उघडले तर मामा रडत होते. मलाही रडू आलं. तात्या उठून म्हशीकडे बघायला गेले.

चाकांची घोडी परत लावली. तारा जोडीजोडीनं, हळूहळू, मामांच्या हुकुमानं ताणल्या. पण वाजवायला मामांनी नकार दिला. रुग्णाला आज विश्रांती, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला डाळजचे आले, वडगावचे आले, तात्याही सोनं द्यायला म्हणून आले. मामा बेसपाशी उभे राहिले आणि मला चाकं फिरवायला सांगितलं. चाकावर मी, तारेवर ते. एकेक फेरा खाली घ्यायचा, ते तार दाबून बघायचे. एका जागी त्यांचं बोट तारेसकट फळीला टेकलं आणि सूर स्वच्छ आला. इथंच थांबू, मी म्हटलं. नाही म्हणाले, खाली चला. तिथून मी फेरे मोजत खाली गेलो. होता होता तारा फळीला घासायला लागल्या, पत्र्यावर माशी अडकावी तसा आवाज यायला लागला. किती झाले, त्यांनी विचारलं. बारा, मी म्हटलं. मग पुन्हा बारा फेरे वर आणून, सूर स्वच्छ आला होता त्याच जागी घोडी ठेवायला लावली.

"म्हंजे हितनं खाली बारा हायत," मामा म्हणाले. "दर साली एक. बारा दसरं."

डाळजचे म्हणाले की तेवढी वर्षं आम्ही तरी राहतोय का, आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही. मग तिघांनी वाजवलं. काय वाजवलं ते मला सांगता यायचं नाही, पण म्हशीनं रवंथ थांबवली होती. बायकोनं आत जाऊन हळदकुंकवाची कुयरी आणली आणि दोन्ही चाकांना पुढच्या बाजूनं कुंकवाचं एकेक बोट लावलं. ते मामांनी वर्षभर पुसू दिलं नाही. पावसाळ्यात फिकं पडलं तर तेलात कालवून पुन्हा लावून घेतलं, त्याच जागी.

आता यंदाचं. यंदा उन्हाळ्यापासून मामांचा हात आणखी उतरला. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलतात. दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी लसीकरणाचं निमित्त करून निरवांगीला गेलो. मामा मळ्यात होते. मी कव्हर काढलं, तार जरा सैल केली, एकच, आणि चाकं खाली फिरवली. त्यांना कळू नये, आपलाच हात ह्या वर्षी बरा आहे असं त्यांना वाटावं, एवढाच माझा डाव. पण बारातला एक पुरता फेरा घालवायला माझा हात होईना. अर्धाच फिरवला. बायकोलाही सांगितलं नाही.

दसऱ्याला पाहुणे आले, जेवणं झाली, पडवी भरली. मामांनी कव्हर काढलं, गज घेतला, तारेवर ठेवला आणि तसेच थांबले. खाली घोडीकडे बघत होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "कुंकू मागं गेलंय."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

"निम्म्यावर सोडत्यात व्हय? फिरवा पुरा."

मी म्हटलं, मामा, चालेल की एवढ्यावर. त्यांनी नुसती मान हलवली. मी वाकलो आणि दोन्ही चाकं उरलेला अर्धा फेरा फिरवली. दोन्ही कुंकवं पुढं आली. मामांनी बोट तारेवर ठेवून दाबलं, ते फळीला टेकलं.

"अकरा," ते म्हणाले, आणि डाळजच्या जोडीदाराकडे बघून सुरू करायची खूण केली.